घोडेडॉक्टरांचा बंदोबस्त

३ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.४०

ही वही वाचनाच्या नोंदींसाठी आणली होती. दोन वर्षांत नोंदी चार. (कामाचा व्याप.) आजपासून वहीचा उपयोग बदलला. ही सूडाची वही.

घटना अशी. ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी पाच वाजता आमचं 'सध्या काय वाचताय?' मंडळ भरतं. अकरा वर्षांपूर्वी मीच सुरू केलं. प्रत्येकाने पाच मिनिटांत सांगायचं: काय वाचतोय, कसं वाटतंय, इतरांनी वाचावं की नाही. वेळ संपली की घंटा. घंटा माझ्याकडे.

आज मी दीपगृहाच्या राखणदाराची कादंबरी सुचवली. चांगला रंगात आलो होतो. शेवटी दोन भाऊ समुद्राकडे बघत एकमेकांना मिठी मारतात, डोळ्यांत पाणी येतं, असं म्हणालो. तर मागच्या रांगेतून घोडेडॉक्टर हळूच म्हणाल्या, "पण धाकटा भाऊ बाविसाव्या पानावर बुडून मरतो ना?"

सगळा हॉल हसला. तेवीस माणसं. मी आयुष्यभर लोकांचे दात बनवतो, पण इतके दात एकदम माझ्याकडे बघून काढलेले कधी पाहिले नव्हते.

मी सांगितलं की मी आशयाच्या पातळीवर बोलत होतो. कुणी ऐकलं नाही. ग्रंथपाल तर खुर्चीचा हात धरून हसत होता.

घोडेडॉक्टर म्हणजे जनावरांच्या डॉक्टर. डिसेंबरपासून येतात. हाडापेराने मजबूत, आवाज मात्र लहान. अंगाला फिनेलचा वास. आजवर मी त्यांना पाचच्या पाच मिनिटं देत आलो. ही माझी चूक.

४ फेब्रुवारी, रविवार

संकल्प: त्यांनी आजवर सुचवलेली तिन्ही पुस्तकं वाचून काढायची. चुका हेरायच्या. येत्या शनिवारी जाहीर पंचनामा.

पहिलं पुस्तक आणलं. खाणकामगारांच्या संपावरची कादंबरी, ४१२ पानं. आज १०० पानांचं टार्गेट.

दुपारी: ९ पानं झाली. मत बनलं. रचना सैल. पात्रं फार. छपाई बारीक, ती मुद्दाम असावी.

६ फेब्रुवारी, मंगळवार

पुस्तक जागेवर नाही. हिच्या हातात सापडलं. ही पोस्टाच्या काउंटरवर दिवसभर पार्सलं तोलते, संध्याकाळी दमलेली असते, एरवी वर्तमानपत्रही उघडत नाही. आज पान १३०.

कसं आहे, विचारलं. म्हणाली, एक नंबर. मी म्हटलं, ते पुस्तक शत्रूच्या बाजूचं आहे, ते आवडून घेऊ नकोस. म्हणाली, "आवडलं तर काय करू, थुंकून टाकू?"

घरात फितुरी. नोंद करून ठेवतो.

८ फेब्रुवारी, गुरुवार

पंचनाम्याचा बेत रद्द. (पुस्तक हिच्याकडून सुटत नाही, मी काय करणार.) त्याहून सरस कल्पना सुचली. कामावर कवळीला पॉलिश मारताना सुचली. चाक फिरत असलं की माझं डोकं चालतं.

त्यांनी पुस्तकावरून माझं हसं केलं. मी त्यांना पुस्तकानेच गाडणार. ग्रंथालयात सगळ्यात खालच्या फळीवर एका कालव्याच्या इंजिनिअरचं आत्मचरित्र आहे. दोन खंड, ९४० पानं. कुणीतरी भेट दिलेलं. मागच्या पानावर तारखेचा एकही शिक्का नाही. हे मी शनिवारी तोंड भरून सुचवणार, आणि सुचवणार त्यांच्याकडेच बघून. घेतलं तर दोन महिने जमिनीखाली. नाही घेतलं तर सांगता येईल की यांना गंभीर वाचन झेपत नाही.

दोन्हीकडून पक्की अडकवली.

१० फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८

सुचवलं. अर्धं मिनिट प्रस्तावना, साडेचार मिनिटं स्तुती. पुस्तक हातात धरलं होतं, उघडावं लागलं नाही. शेवटी थेट म्हणालो, "डॉक्टर, हे तुम्ही वाचायलाच हवं." त्या उठून पुढे आल्या, दोन्ही खंड छातीशी धरले आणि म्हणाल्या, "तुम्ही आठवणीने मला सुचवलंत, बरं वाटलं."

बिचाऱ्या.

त्यांच्या बोलण्याच्या वेळी मी घंटा तिसऱ्याच मिनिटाला वाजवली. सगळे म्हणाले, बोलू द्या, बोलू द्या. त्या सात मिनिटं बोलल्या. लोक पुस्तकाचं नाव लिहून घेत होते. माझं बोलणं चालू असताना फक्त एकाने पेन काढलं, तेही कान खाजवायला.

१२ फेब्रुवारी, सोमवार

जगात न्याय आहे!

सकाळी दातांच्या डॉक्टरांकडून कामं आली. आमची पद्धत साधी. ते पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, मी माझ्या लॅबमध्ये त्यावर कवळी करतो. पेशंट मला दिसत नाही, मी पेशंटला दिसत नाही. सव्वीस वर्षं हे चाललंय आणि माझी एकही कवळी परत आलेली नाही. तर आज एका मापावरच्या चिठ्ठीत आडनाव ओळखीचं. वय ७८, पुरुष, वरची-खालची पूर्ण कवळी. फोन करून विचारलं. डॉक्टर म्हणाले, हो, त्या जनावरांच्या डॉक्टर आहेत ना, त्यांचे वडील.

माप टेबलावर ठेवून जरा वेळ त्याच्याकडे बघत बसलो. अख्ख्या घराण्याचा जबडा माझ्यासमोर उघडा.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज दातांच्या डॉक्टरांनी क्लिनिकवर बोलावलं. चावा नीट जुळत नव्हता, म्हणाले तूच बघ. म्हणजे म्हाताऱ्याची भेट झाली.

बारीक, ताठ, कॉलरचं वरचं बटण लावलेलं. कोर्टात पेशकार होते. तीस वर्षं जबान्या आणि निकाल मोठ्याने वाचून दाखवायचं काम. आता तोंडात एक दात नाही, पण बोलायचं काही थांबत नाही. जुनी कवळी कशी गेली ते सांगितलं: मुलीने एक आजारी कुत्रा घरी ठेवून घेतला होता. कुत्रा बरा झाला आणि बरा झाल्याच्या आनंदात त्याने वाटीतली कवळी चावून टाकली.

मग म्हणाले, कवळी लवकर द्या, घरात वाचन अडलंय. मी सहज विचारलं, कुणाचं वाचन? तर म्हणाले, मुलगी संध्याकाळी येते ती मोडून येते. जेवते, कोमट पाण्यात पाय सोडून बसते, आणि मी तिला वाचून दाखवतो. रोज चाळीस पानं. आता दात नाहीत, तर निम्मे शब्द हवेतच जातात, वीसच होतात.

माझ्या कानात घंटा वाजली. म्हणजे ही बाई वाचतच नाही! कानाने वाचते! आणि मला चारचौघांत बाविसावं पान दाखवते!

खात्री करायला विचारलं, सध्या काय चाललंय? म्हातारा खुर्चीत उठून बसला. कालव्याच्या इंजिनिअरचं! म्हणाला, काय पुस्तक दिलंत हो तुम्ही! बांध फुटतो त्या प्रकरणात मुलगी पाय पाण्यातून काढायलाच विसरली, पाणी गार झालं तरी. मग माझा हात धरून विचारलं, तुमचं आवडतं प्रकरण कुठलं?

मी म्हटलं, आता सांगून तुमची मजा घालवत नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

पूर्ण योजना तयार.

एक: येत्या नाही, २४च्या शनिवारी भर सभेत विचारायचं, डॉक्टर, ही पुस्तकं तुम्ही स्वतः वाचता का? तेव्हा त्यांची दातखीळ बसेल.

दोन: कवळी. यासाठी थोडी तांत्रिक नोंद. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागे, टाळूला, बारीकशी पन्हळ राहिली तर हवा त्यातून सरकते आणि स, श म्हणताना शिट्टी वाजते. नवशिक्याची ही हमखास चूक. माझ्या हातून ती सव्वीस वर्षांत झालेली नाही. म्हणजे आता एक करायचा मला हक्क आहे.

दुखणार नाही. खाताना त्रास नाही. फक्त वाचताना शिट्टी. शत्रूच्या कानात, चाळीस पानं, रोज.

मन एकदम शांत आहे. दोनदा हात धुतले, पण ते प्लास्टरमुळे.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

क्लिनिकवर मेणातली ट्रायल झाली. साठ, सत्तर, सासू, शिसं, सगळं म्हणवून घेतलं. शब्द स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, मान गये. कवळी पक्की करायला माझ्याकडे परत आली.

दुपारी लॅबचं दार आतून लावलं. मेण कोरायचं सगळ्यात बारीक हत्यार काढलं. पन्हळ कोरायला चार मिनिटं लागली. मग ती नीट गुळगुळीत करायला वीस. चूक असली म्हणून काय, फिनिशिंग नको?

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज अनपेक्षित घडलं. घोडेडॉक्टरांनी पाचही मिनिटं कालव्याच्या पुस्तकावर घालवली आणि प्रत्येक मिनिटात माझं नाव घेतलं. यांच्यामुळे मिळालं. यांनी सुचवलं नसतं तर खालच्या फळीवर सडलं असतं. लोक वळून वळून माझ्याकडे बघत होते, यावेळी न हसता. पुस्तकाला चौदा जणांचा नंबर लागला.

मग एक गृहस्थ म्हणाले, तुम्हीच अजून थोडं सांगा ना. मी उठलो आणि एकूण सिंचन या विषयावर बोललो. पाणी कसं वरून खाली जातं वगैरे. चौथ्या मिनिटाला घंटा वाजली. घंटेवर ही होती. हो, हिनेही मंडळात नाव घातलंय. पोस्टातून परस्पर आली आणि माझ्याच शेजारी बसली.

स्तुती ही शत्रूची चाल आहे. विरघळायचं नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

कवळी बसली. डॉक्टरांचा फोन. फिट्ट आहे, चावा उत्तम, किंचित शिट्टी येते, पण पेशंट म्हणतो होईल सवय. पेशंट भलताच खूश आहे, म्हणाले, तुला आशीर्वाद दिलेत.

आशीर्वाद ऐकून घेतले. परत करायची सोय नव्हती.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

भाषणाची तालीम. "वाचन म्हणजे डोळ्यांचे कष्ट. जो स्वतः पान उलटत नाही, त्याला मत मांडण्याचा अधिकार काय?" दाढी करताना तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा हनुवटीला कापलं.

ही दाराबाहेरून म्हणाली, "अहो, तुम्ही शेवटचं पुस्तक पुरं कधी केलंत?" मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला! म्हणाली, साधाच आहे, नाव सांगा.

मोजायला वेळ नव्हता. ऑफिसची, म्हणजे लॅबची घाई होती.

दिवसभर आठवत होतो. नावं पुष्कळ आठवली. शेवट एकाचाही आठवला नाही. याला कारण वाचनाचा आवाका मोठा असणं.

२४ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८.३०

शांतपणे लिहितो.

हॉल भरलेला. माझ्या पाच मिनिटांत मी उठलो, भाषणाचं पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि मग बोट रोखून विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. ही सगळी पुस्तकं तुम्ही स्वतः वाचलीत?"

त्या म्हणाल्या, "छे हो. चार वर्षं झाली, मी एकही पुस्तक स्वतः वाचलेलं नाही."

सगळी डोकी त्यांच्याकडे वळली. मी जिंकलो होतो. साधारण सहा सेकंद.

मग त्या म्हणाल्या, "दिवसभर गाई-घोड्यांच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आलं की पुस्तक धरायला बोटं वळत नाहीत. बाबा वाचून दाखवतात. आज मी त्यांनाच घेऊन आलेय. तुम्ही विचारलंत ते बरं झालं, मला कसं सांगावं कळत नव्हतं."

म्हातारा मागून उठून पुढे आला. वरचं बटण लावलेलं. बांध फुटण्याचं प्रकरण काढलं. ग्रंथपालाने खुर्ची दिली तर म्हणाला, मी उभ्यानेच वाचतो, कोर्टात बसायची सोय नव्हती.

आणि वाचायला लागला. "सात वाजता सोसाट्याचा वारा सुटला..."

शिट्टी वाजली. प्रत्येक स-ला, प्रत्येक श-ला. बारीक, लांब, अगदी दाराच्या फटीतून वारा यावा तशी. मी खाली मान घालून हसू दाबलं. मग वर पाहिलं तर कुणीच हसत नव्हतं. समोरच्या बाईंनी शाल ओढून घेतली. ग्रंथपालाने उठून पंखा बंद केला. म्हातारा वाचत होता, वारा वाढत होता, बांधावर शंभर माणसं मातीच्या पाट्या टाकत होती आणि हॉलमध्ये खरोखर वारा घोंघावत होता. पाणी बांधावरून आलं तेव्हा हिने माझा हात धरला. घट्ट. लग्नात धरला होता त्यापेक्षा.

वीस मिनिटं. घंटा कुणाला आठवली नाही. मलाही नाही, पण ते वेगळ्या कारणाने.

टाळ्या. मग घोडेडॉक्टर उठून म्हणाल्या, बाबांना पुन्हा वाचता येतंय ते यांच्यामुळे, यांनीच कवळी केली. पुन्हा टाळ्या, या वेळी माझ्यासाठी. आणि त्या टाळ्या थांबता थांबता मागून एका आजींचा आवाज: "दात छान केलेत हो, पण शिट्टी वाजते."

आणखी एकजण म्हणाले, हो ना, माझ्या मेव्हण्याच्या कवळीत नाही वाजत. तो दुसऱ्या लॅबमधून करून घेतो.

मंडळाने ठराव केला: दर शनिवारी पहिली वीस मिनिटं पेशकारांचं वाचन. वेळ कुणाच्या वाट्यातून काढायचा यावर चर्चा झाली. माझ्या.

२६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दातांच्या डॉक्टरांचा फोन. दोन पेशंट म्हणाले की आमची कवळी 'त्या शिट्टीवाल्याकडे' देऊ नका. शिट्टीवाला! सव्वीस वर्षं!

मी डॉक्टरांना सांगितलं, ती कवळी परत पाठवा, विनामूल्य दुरुस्त करतो. ते म्हणाले, शाब्बास, यालाच कारागीर म्हणतात.

हे माघार घेणं नाही. पुढचं पाऊल टाकण्याआधी पाय मागे घ्यावाच लागतो.

२८ फेब्रुवारी, बुधवार

म्हातारा कवळी घेऊन स्वतःच लॅबवर आला. आल्या आल्या दोन्ही कवळ्या काढून माझ्या हातात ठेवल्या. सव्वीस वर्षांत प्रथमच माझं काम मला असं गरम मिळालं.

पन्हळ भरली. मटेरियल घट्ट व्हायला दाबाच्या भांड्यात ठेवलं. साधारण वीस मिनिटं लागतात. म्हाताऱ्याच्या पिशवीत पुस्तक होतंच, दुसरा खंड. त्याने ते माझ्या पुढे सरकवलं आणि तोंडाकडे बोट दाखवलं: माझं दुकान बंद आहे, तुम्ही वाचा.

वाचलं. त्यांना बरं वाटावं म्हणून. सुरुवातीला अडखळत होतो, प्लास्टरच्या धुळीने घसा धरतो. मग लागलं. इंजिनिअरची बदली होते, बायको सामान बांधायला नकार देते, आणि तो एकटाच बैलगाडीत बसून रडतो पण गाडीवानाला सांगतो की धूळ फार आहे. इथे मी थांबलो. धूळ माझ्याही लॅबमध्ये फार आहे.

वीस मिनिटं झाली तेव्हा मी भांडं उघडलं नाही. दुसऱ्या वीसलाही नाही. असल्या कामात घाई करून चालत नाही.

एकूण अडतीस पानं.

म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला (बोळक्या तोंडाने, पण मला आता समजतं), "पहिल्यांदाच वाचताय ना हे?" मी म्हटलं, मोठ्याने पहिल्यांदाच. तो म्हणाला, "तीस वर्षं साक्षी ऐकल्यात हो मी." आणि हसला. हिरड्यांनी हसणारा माणूस फार मोकळा दिसतो.

मग पॉलिश करून कवळी बसवून दिली. साठ, सत्तर, सासू, शिसं. स्वच्छ. जिभेने त्याने टाळू चाचपला आणि म्हणाला, "पन्हळ गेली. फार सफाईने केलेली होती. चुकून होत नाही तसं."

मी चाक पुसायला घेतलं. आधीच पुसलेलं होतं.

तो म्हणाला, "त्या शनिवारी तिने चारचौघांत बोलायला नको होतं. घरी आली तीच मान खाली घालून. मला म्हणाली, बाबा, तोंडातून निघून गेलं. तुमची माफी मागायला पुढच्या वेळी आली, तर तुम्ही ते जाडजूड पुस्तक स्वतःहून तिच्या हातात दिलंत. मग तिला वाटलं, तुम्ही विसरलात."

मी म्हटलं, हो, केव्हाच विसरलो.

तो गेला. पुस्तक बरोबर घेऊन गेला. दुपारी तीन कवळ्या करायच्या होत्या, एक झाली.

संध्याकाळी: विचार केला. म्हणजे ३ फेब्रुवारीलाच शत्रू घाबरला होता! मी पहिल्या दिवशीच जिंकलो होतो आणि मला कुणी कळवलं नाही. मग खासगीत कबुली देऊन काय उपयोग? अपमान हॉलमध्ये झाला, माफीही हॉलमध्येच. तेवीस माणसांसमोर. त्याशिवाय समेट नाही.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटचा डाव. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शाखेत जाऊन दुसऱ्या खंडाची तिथली प्रत आणली. दोन बस बदलून. शनिवारपर्यंत पुस्तक संपवायचं आणि पेशकार वाचायला उभे राहण्याआधीच सगळ्यांना शेवट सांगून टाकायचा. एका वाक्यात. बसा मग ऐकत.

बसमध्ये ४० पानं. एक स्टॉप पुढे गेलो.

१ मार्च, शुक्रवार

पान २६०. लॅबला अर्धा दिवस सुट्टी. (दातांच्या डॉक्टरांना डोकं दुखतंय असं कळवलं.) ही म्हणाली, तुम्ही सलग तीन तास वाचताय, बरं आहे ना? मी सांगितलं की हे वाचन नाही, ही मोहीम आहे. तिने चहा ठेवला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

इंजिनिअर मूर्ख आहे. बायकोला पत्र लिहितो आणि टाकत नाही. सतरा पत्रं! मी दोनदा मोठ्याने बोललो त्याच्याशी.

२ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.४५

दुपारी दोनला बसलो तेव्हा ११० पानं उरली होती. सभा पाचला. हिशेब बरोबर बसत होता. साडेचारला ही चपला घालून म्हणाली, चला. मी म्हटलं, तू हो पुढे, दोन पानांत येतोच.

मग इंजिनिअरची बायको स्वतःच कालव्यावर येऊन पोचते. कुणी बोलावलेलं नसताना. पावसात. आणि दोघंही इकडचं तिकडचं बोलत राहतात, डाळीचं, छपराचं, पत्रांबद्दल एक शब्द नाही. दहा पानं नुसतं इकडचं तिकडचं. अशा ठिकाणी कोण उठणार?

कुलपात चावी फिरली तेव्हा मी वर पाहिलं. खोलीत अंधार झाला होता, मी पुस्तक खिडकीशी धरून उभा होतो. सात वाजून दहा मिनिटं.

ही आत आली, दिवा लावला, पिशवी ठेवली. मी विचारलं, काय झालं आज? म्हणाली, विशेष काही नाही. पेशकारांनी छान वाचलं, शिट्टी अजिबात नाही. कुणीतरी म्हणालं, मागच्या वेळचा वारा बरा होता. "आणि हो, त्या डॉक्टरबाईंनी तुमची माफी मागितली."

कुठे? कुणासमोर? म्हणाली, सगळ्यांसमोर, उभं राहून. आज तीसेक माणसं होती. वाचनाच्या आधी त्या तुमच्या खुर्चीकडे बघून बोलल्या. खुर्ची रिकामी आहे हे त्यांच्या निम्म्यावर लक्षात आलं, पण आता सुरू केलंय तर म्हणून पुरं केलं.

नेमके शब्द काय होते ते विचारलं. ही म्हणाली, आता शब्दशः कुठे लक्षात आहे. चूक झाली, असं काहीतरी. मग? मग चहा आला.

म्हटलं, सभेच्या वहीत नोंद तरी झाली असेल. ही म्हणाली, वही तुम्ही लिहिता. तुम्ही नव्हतात, म्हणून आज कुणीच लिहिली नाही.

मग विचारलं, पुढच्या शनिवारी त्या परत मागतील का? मी असताना?

ही माझ्या हातातलं पुस्तक पाहून म्हणाली, "किती उरलंय?"

चौतीस पानं.

"मग संपवा आधी," म्हणाली, आणि कपडे बदलायला आत गेली.